वेळेअभावी

चर्चासत्राच्या कार्यक्रमपत्रिकेतली सगळ्यात खोटी ओळ कोणती, असं मला कुणी विचारलं तर मी ‘प्रश्नोत्तरे : १० मिनिटे’ या ओळीवर बोट ठेवीन. बाकी छापलेलं सगळं त्या दिवशी घडतं. दीपप्रज्वलन होतं, स्वागतगीत होतं, शाल-श्रीफळ होतं. पाहुण्यांचा परिचय इतका लांबतो की शेवटी पाहुणेच चुळबुळ करू लागतात. बीजभाषण होतं आणि त्यातून बीज सोडून सगळं उगवतं. मग दुपारच्या सत्रात निबंधवाचक एकामागून एक उभे राहतात. प्रत्येकी सात मिनिटं कबूल केलेली असतात, पाचव्या मिनिटाला सत्राध्यक्षांची चिठ्ठी येते. आणि अखेर सूत्रसंचालक ते वाक्य उच्चारतात: वेळेअभावी आपण प्रश्नोत्तरे घेऊ शकत नाही, भोजनाची व्यवस्था तळमजल्यावर केलेली आहे. टाळ्या पडतात. मला नेहमी वाटतं की त्यातल्या निम्म्या टाळ्या भोजनाला असतात आणि निम्म्या प्रश्न टळल्याला.

मी पोटासाठी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीचं काम करतो. गाड्यांचे सुटे भाग आम्ही बनवतो. राहतो रावेतला. एम.ए. मराठी बाहेरून केलं आणि एकदोन साहित्यसंस्थांचं आजीव सभासदत्व घेतलं, त्यामुळे माझ्या फोनमध्ये दोन जगं शेजारी शेजारी नांदतात. एका ग्रुपवर ‘लाइन टूवर होल्ड’ येतं, दुसऱ्यावर ‘एकदिवसीय राष्ट्रीय आंतरविद्याशाखीय चर्चासत्र’. पहिल्या जगात दिवसभर प्रश्न विचारणं हाच धंदा आहे. पार्ट नापास झाला की ‘व्हाय-व्हाय’ भरायचं असतं, म्हणजे एकाच गोष्टीला पाच वेळा ‘का’ विचारायचं. भोक मोठं का पडलं? टूल झिजलं होतं. ते का बदललं नाही? पाळी बदलताना नोंद राहिली. का राहिली? दुसऱ्या पाळीचा मुलगा नवा होता. मग त्याला शिकवलं का नव्हतं? तो ट्रेनी आहे, त्याचं ट्रेनिंग कागदावर झालंय. आता पाचव्या ‘का’ला साधारणपणे साहेबांच्या केबिनचं दार लागतं, म्हणून चौथ्यावर थांबायचा रिवाज आहे. तरी चार ‘का’ होतात. दुसऱ्या जगात पहिलाच होत नाही.

साहित्याच्या सभांची सुरुवात आपल्याकडे चांगली दणक्यात झाली होती. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी पुण्यात हिराबागेत ग्रंथकारांना बोलावलं ते ११ मे १८७८ रोजी. हेतू व्यवहारी होता. मराठी लिहिणारे थोडे, विकत घेणारे त्याहून थोडे, तेव्हा लिहिणाऱ्यांनी एकत्र यावं आणि ग्रंथप्रसाराला हातभार लावावा. दुसरी सभा १८८५ मध्ये, पुन्हा पुण्यातच, कृष्णशास्त्री राजवाडे यांच्या अध्यक्षतेखाली भरली. त्या सभेत कोण काय बोललं हे आज अभ्यासकांनाही आठवून सांगावं लागतं. पण त्या सभेला जे आले नाहीत त्यांचं पत्र मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतं. रानड्यांचं निमंत्रण महात्मा फुल्यांना गेलं होतं. त्यांनी नकार कळवला आणि कारणही कळवलं: जे लोक माणसांना माणसाचे हक्क द्यायला तयार नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा, आमच्या पुस्तकांचा मेळ कसा बसायचा? ते पत्र ‘ज्ञानोदया’त छापून आलं.

माझ्या मते मराठी साहित्यसंस्थांच्या इतिहासातलं पहिलं खरं प्रश्नोत्तर ते. त्यात प्रश्न आला, उत्तर मात्र यायला फार काळ गेला. १९०६ च्या २७ मे रोजी पुण्यातल्या चौथ्या संमेलनात महाराष्ट्र साहित्य परिषद स्थापन झाली. विदर्भ साहित्य संघ १९२३ चा, मुंबई मराठी साहित्य संघ १९३५ चा, मराठवाडा साहित्य परिषद १९४३ ची आणि या सगळ्यांना एका सुतात ओवणारं महामंडळ १९६१ चं. संस्था वाढल्या, शाखा वाढल्या, फुल्यांचा प्रश्न मात्र टपालातच फिरत राहिला. ज्यांना उत्तर मिळालं नाही त्यांनी आपापल्या सभा भरवल्या. १९५८ मध्ये मुंबईत दलित साहित्य संमेलन झालं, त्याचं उद्घाटन अण्णा भाऊ साठ्यांनी केलं. १९९९ मध्ये धारावीत विद्रोही साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष बाबुराव बागूल. सभेत प्रश्नाला दहा मिनिटं दिली नाहीत तर तो बाहेर जाऊन स्वतःचा मांडव घालतो, एवढं तरी यावरून कळायला हरकत नाही.

मांडवात उभं राहूनही प्रश्न विचारता येतो, हे १९७५ मध्ये कऱ्हाडला दुर्गाबाई भागवतांनी दाखवलं. आणीबाणी चालू होती आणि समोर केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण बसलेले होते. अशा वेळी दुर्गाबाईंनी अध्यक्षपदावरून लेखनस्वातंत्र्याचा विषय काढला आणि जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी सभेला प्रार्थनेला उभं केलं. पुढे दुर्गाबाईंना अटक झाली. त्याआधी एकच बाई अध्यक्ष झाल्या होत्या, कुसुमावती देशपांडे, त्याही १९६१ मध्ये ग्वाल्हेरला. दुर्गाबाईंनंतर शांताबाई शेळके, आमच्या शेजारी आळंदीला, १९९६ मध्ये. जाता जाता एक मत नोंदवतो. २०१८ पासून महामंडळाने अध्यक्षपदाची निवडणूक बंद केली आणि एकमताने नाव ठरवायला सुरुवात केली, त्यातून पहिल्या झाल्या अरुणा ढेरे. निवडणुकीतली धुळवड संपली याचा आनंद सगळ्यांना झाला, मलाही झाला. पण थोडी चुटपुट आहे. मत मागायला फोन आला की मतदार निदान विचारू तरी शकत होता, का हो, अध्यक्ष होऊन तुम्ही करणार काय?

आमच्या भागात संमेलन आलं ते २०१६ च्या जानेवारीत. एकोणनव्वदावं संमेलन, अध्यक्ष श्रीपाल सबनीस, यजमान डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठ, जागा पिंपरीतलं एचए कंपनीचं मैदान. पिंपरी-चिंचवडला साहित्य काय कळतं, असं पुण्यात तेव्हा दबक्या आवाजात म्हटलं जायचं. तुकोबांचं देहू रावेतहून काही किलोमीटरवर आहे आणि त्यांचे अभंग उतरवून ठेवणारे संताजी जगनाडे चाकणचे, हे पुणेकर सोयीने विसरतात, असो. गर्दी अफाट होती. पुस्तकांच्या गाळ्यांतून चालताना खांद्याला खांदा घासत होता. पहिल्या पाळीहून थेट आलेली माणसं गणवेशातच होती. मला मात्र सारखं त्या मैदानाचं वाटत होतं. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही १९५४ ची सरकारी कंपनी, देशात पेनिसिलिन बनवण्यासाठी काढलेली. एकेकाळी पिंपरीची ओळखच ती होती. संमेलनाच्या वेळेपर्यंत ती पुरती थकली होती आणि त्याच वर्षी डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने तिची जादा जमीन विकून देणी भागवायचं ठरवलं. चार दिवस त्या मैदानावर परिसंवाद, कविसंमेलनं, मुलाखती झाल्या. ज्या जमिनीवर आपण बसलो आहोत तिचं काय होणार, हा विषय मी ऐकलेल्या एकाही परिसंवादात आला नाही. संमेलनाचं ते काम नाही, असं कुणी म्हणेल. मग नारायण सुर्व्यांच्या कामगारांवरच्या कवितेवर टाळ्या वाजवणं हे तरी कुणाचं काम?

आता ‘संधी’ या विषयाकडे वळतो, कारण आमच्या ग्रुपवर नव्वद टक्के मजकूर त्याचाच असतो. निबंध पाठवा, सारांश युनिकोडमध्ये, अंतिम तारीख अमुक. ग्रंथपुरस्कारासाठी प्रती पाठवा. नोंदणी शुल्क इतके, त्यात भोजन व प्रमाणपत्र समाविष्ट. करोनाच्या काळात तर प्रश्नमंजूषा सोडवली की घरबसल्या प्रमाणपत्र यायचं. मीही एक मिळवलं आणि ते कुठल्या विषयाचं होतं हे आता सांगता येणार नाही. या सगळ्याची टिंगल करणं सोपं आहे. करूनही झाली. पण ज्यांच्यासाठी हे कागद असतात ती माणसं मी जवळून पाहतो.

आमच्याच इमारतीत मराठी शिकवणाऱ्या एक मॅडम राहतात. तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत शिकवतात, एक नगर रस्त्याकडे, एक मावळात. जितके तास घेतले तितकेच पैसे. दिवाळीची सुट्टी लागली की उत्पन्नालाही सुट्टी. सेट उत्तीर्ण, पीएच.डी. झालेली, आणि कायम जागेची जाहिरात येईल म्हणून वर्षानुवर्षं थांबलेल्या. २०१० मध्ये यूजीसीने प्राध्यापकांच्या कामाला गुण लावले. आंतरराष्ट्रीय चर्चासत्रात निबंध वाचला की १०, राष्ट्रीय असेल तर साडेसात. चर्चासत्रांची संख्या वाढली ती मराठी माणसाला अचानक चर्चेची ओढ लागली म्हणून नाही, त्या साडेसातमुळे. मग कुठेही छापलेलं चालेना, म्हणून २०१९ मध्ये मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी आली. तिच्याभोवती नवा बाजार बसला आणि २०२५ मध्ये यूजीसीनेच ती यादी मोडीत काढली. या काळात मॅडमनी पैसे भरून जे जे छापून घेतलं त्याची पिशवी त्यांच्या कपाटात आहे. त्यांना कुणी प्रमाणपत्रांचा हव्यास म्हणून हसलं की मला राग येतो. कायम पगार असलेल्या माणसाला निर्लोभ राहणं परवडतं.

असं फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेतली मॉडर्न लँग्वेज असोसिएशन ही साहित्याच्या अध्यापकांची जगातली बहुधा सर्वांत मोठी संघटना. स्थापना १८८३, म्हणजे हिराबागेच्या सभेपेक्षा पाच वर्षांनी धाकटी. तिचं वार्षिक अधिवेशन कित्येक दशकं नाताळ आणि नवीन वर्ष यांच्या मधल्या दिवसांत भरायचं. निबंध वाचले जायचेच, पण तरुणांचं लक्ष असायचं मुलाखतींकडे. विद्यापीठांच्या निवड समित्या हॉटेलच्या खोल्यांत मुलाखती घ्यायच्या. खुर्च्या कमी पडल्या की कुणीतरी पलंगाच्या कडेला टेकायचं, आणि बाहेरच्या लांब बोळातून नवे सूट घातलेली मुलं आपल्या खोलीचा क्रमांक शोधत फिरायची. २०११ पासून अधिवेशन जानेवारीत गेलं, मुलाखतीही हळूहळू पडद्यावर गेल्या, आणि कायम नोकऱ्या आपल्याकडच्यासारख्याच आटल्या. पण तिथल्या आयोजकांनी एक गोष्ट निदान उघड मान्य केली होती: लोक इथे नोकरी शोधायला येतात. आपण नोकरीचं नाव काढत नाही. ‘सारस्वतांचा मेळा’ म्हणतो आणि मागच्या रांगेतली मुलगी कुठल्या संस्थेचे अध्यक्ष व्यासपीठावर आहेत ते बघत असते.

मीही एकदा निबंध वाचला. विषय होता नारायण सुर्व्यांच्या कवितेतली पाळी. सुर्वे म्हटलं की सगळे कामगाराच्या दुःखाबद्दल आणि अभिमानाबद्दल बोलतात. मला त्यांच्या कवितेतली वेळ दिसली होती. भोंगा, सुटीची घटका, रात्रपाळीहून परतणारा माणूस. ‘माझे विद्यापीठ’ १९६६ चं. तेव्हाची मुंबई गिरणीच्या घड्याळावर चालायची आणि कवितेलाही ते घड्याळ लागलेलं आहे, असं माझं म्हणणं. रावेतमध्ये राहून हे सुचलं यात नवल नाही. मुकाई चौकात पहाटे कंपन्यांच्या बस उभ्या असतात, आणि एका पाळीची माणसं उतरतात त्याच जागी दुसऱ्या पाळीची चढतात. १९९७ मध्ये महापालिकेत आलेलं हे गाव. पवनेवरच्या रावेत बंधाऱ्यापाशी उचललेलं पाणी निगडीला शुद्ध होऊन अख्ख्या शहराला जातं, एवढीच त्याची जुनी ओळख. आता लातूर, जळगाव, यवतमाळ, शिवाय बिहार आणि केरळही इथल्या लिफ्टमध्ये भेटतात.

निबंध वाचून झाला, चिठ्ठी आली, वेळेअभावी वगैरे झालं. जेवणाच्या रांगेत एक विद्यार्थिनी मागे येऊन उभी राहिली. ‘सर, माझा भाऊ चाकणला कॉन्ट्रॅक्टवर आहे. त्याला पाळीच नाही. रात्री दहाला मेसेज येतो, उद्या ये किंवा येऊ नको. मग त्याच्यावर कविता लिहिली तर तिच्यात वेळ कसली असेल?’

ताटात जिलेबी पडत होती आणि मला काही सुचत नव्हतं. तिचा प्रश्न माझ्या निबंधाच्या पुढे गेलेला होता. सुर्व्यांचा कामगार घड्याळाला बांधलेला आहे, म्हणून त्याला घड्याळाशी भांडता तरी येतं. जो घड्याळाबाहेरच ठेवला आहे तो कुणाशी भांडणार? कवितेची लय, ओळींची लांबी, भूतकाळ-भविष्यकाळ, सगळंच त्यातून बदलेल. मी तिला एवढंच म्हणालो, तू लिही.

साहित्याच्या कार्यक्रमांबद्दल लाडाने म्हटलं जातं की खरी चर्चा जेवणाच्या रांगेत होते. मला हे कौतुक पटत नाही. रांगेतला प्रश्न दोघांत राहतो. तो सभागृहात आला असता तर मला सगळ्यांदेखत अडखळावं लागलं असतं, दुसऱ्या कुणी गिरणी संपानंतरच्या कवितेचं नाव घेतलं असतं, तिसऱ्याने मला खोडलं असतं, आणि त्या मुलीला तरी कळलं असतं की आपल्या भावाची गोष्ट हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो. संधी म्हणतात ती ही. पत्रिकेत ती छापली होती, त्या दिवशी मिळाली नाही एवढंच.

सभेत उघड प्रश्न विचारणं पूर्वी जमत होतं. पुण्यात १९१० मध्ये इतिहासाचार्य राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. त्याच्या पाक्षिक सभा व्हायच्या. दर पंधरवड्याला कुणी एक कागद, एक तिथी, एक शिक्का घेऊन यायचा आणि बाकीचे तो तपासायचे. भांडणं व्हायची. खुद्द राजवाड्यांचं मंडळाशी बिनसलं आणि ते धुळ्याच्या वाटेला लागले. पण भांडण कागदावरून व्हायचं. साहित्यात असं का होत नाही, याचं एक उत्तर मला कारखान्यात मिळालं. व्हाय-व्हाय करताना आम्ही पार्ट टेबलावर ठेवतो, माणूस नाही. ‘तू का चुकलास’ असं विचारायची मनाई असते, ‘भोक मोठं का पडलं’ असंच विचारायचं. आपल्या चर्चासत्रात निबंध आणि निबंध वाचणारा यांच्यात फटच नसते. प्रश्न विचारला की अपमान झाला. न विचारला की मान राखला. शाल दोघांवर मिळून एकच पडते.

म्हणून गेल्या पावसाळ्यापासून मॅडम, मी आणि आणखी पाचसहा जण महिन्यातून एकदा आमच्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये बसतो. संस्था नाही, नोंदणी नाही, ग्रुपला नावही नाही. वाचन पंधरा मिनिटं, बोलणं तासभर. क्लब हाऊस नऊला बंद होतं आणि वाढदिवसाचं बुकिंग आलं तर आम्हाला पार्किंगमध्ये जावं लागतं. प्रमाणपत्र मिळत नाही. दोघं त्यामुळे गळाले, मला त्यांचं अजिबात वाईट वाटलं नाही, त्यांना घरचं भागवायचं आहे. चहा मात्र बरा असतो.

मागच्या बैठकीत मॅडमनी कामगार कवितेवर वाचलं. ऐकायला आकुर्डीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले काका आले होते. ते सहसा गप्प असतात. वाचन संपलं तसा त्यांनी हात वर केला, शाळेत करतात तसा.

‘मॅडम, तुम्ही सारखं कामगार कवी, कामगार कवी म्हणालात. तसं प्राध्यापक कवी असं काही असतं का?’

कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. ‘नसतं,’ त्या म्हणाल्या. ‘मर्ढेकर आकाशवाणीत अधिकारी होते, त्यांना कुणी अधिकारी कवी म्हटलं नाही. म्हणजे आम्ही ज्याचा धंदा आधी सांगतो, त्याची कविता नंतर वाचतो. काका, यावर मला माझ्या निबंधाचा पहिला भागच पुन्हा लिहावा लागेल. पुढच्या महिन्यात घेऊन येते.’

‘पुढच्या महिन्यात कशाला?’ काका म्हणाले. ‘अजून सव्वाआठच झालेत.’